हसविणाऱ्याचा विषाद

विनोदी नट वारला म्हणजे समाजाला होणारे दुःख काही निराळ्याच जातीचे असते. राजाची, वीराची किंवा साधूची भूमिका करणाऱ्या नटाविषयी आपणांस आदर वाटतो. परंतु ज्याने आपल्याला पोट धरधरून हसविले, तो नट नकळत आपल्या घरचाच माणूस होऊन बसतो. आजारपणात, परीक्षेच्या काळजीत, पावसाळ्यातील एखाद्या उदास संध्याकाळी त्याने आपली सोबत केलेली असते. त्यामुळे तो गेल्याची वार्ता ऐकताच घरातील कर्ते माणूस गेल्यासारखी पोकळी वाटते, आणि त्या दुःखात थोडा अविश्वासही मिसळलेला असतो. जो सदा हसत होता, तो मरतो कसा?

आपल्या निमाडने असा शोक जवळून पाहिला आहे. 13 ऑक्टोबर 1987 रोजी किशोरकुमार मुंबईस निवर्तले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जन्मगावी, खांडव्यास, आणून तेथेच त्यांचे अंत्यसंस्कार झाले. 2003 साली बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत आपले गाव त्याच पूर्व निमाड जिल्ह्यात होते; तेव्हा ते दुःख आपल्याही घरचे होते. आज लोक त्यांना मुख्यतः गायक म्हणून आठवतात. परंतु ‘चलती का नाम गाडी’ (1958), ‘हाफ टिकट’ (1962) आणि ‘पडोसन’ (1968) हे चित्रपट ज्यांनी पाहिले, त्यांना हे ठाऊक आहे की, या माणसाचे हात, पाय, डोळे, भुवया, सारे काही हसविण्यासाठीच घडले होते.

परंतु कधी कधी अशा शोकात एक अधिक बोचरी गोष्ट येऊन मिळते. ज्याने जन्मभर लोकांना हसविले, तो स्वतः मात्र वर्षानुवर्षे विषादाने ग्रासलेला होता, हे आपणांस कळते. आणि पुष्कळदा ते फार उशिरा कळते. मग घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : “एवढा पैसा, एवढी कीर्ती, आणि इतका हसरा स्वभाव! याला कमी काय होते?” हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो, हे खरे, परंतु त्या प्रश्नाच्या मुळाशी दोन गैरसमज आहेत. दुसऱ्याला हसविणारा स्वतः आनंदी असलाच पाहिजे, हा पहिला; आणि विषाद म्हणजे सुखसाधनांची उणीव, हा दुसरा. या दोहोंचा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिल्या गैरसमजाचे उत्तर आपल्या प्राचीन नाट्याचार्यांनी कधीच देऊन ठेवले आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे विवेचन करताना त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत : आत्मस्थ आणि परस्थ. माणूस स्वतः हसतो, ते आत्मस्थ हास्य. तो दुसऱ्याला हसवितो, ते परस्थ हास्य. दोहोंना एकच नाव असले तरी त्यांचे स्थान एक नाही. विदूषक रंगभूमीवर येतो, वेडेवाकडे चालतो, भलतेच बोलतो, आणि प्रेक्षागृह खदखदून हसते. ते हास्य प्रेक्षकांच्या ठायी निर्माण झालेले असते. विदूषकाच्या ठायी असतो तो अभ्यास, शब्द नेमक्या क्षणी टाकण्याची दक्षता, आणि हशा न आल्यास काय करावयाचे याची चिंता. सुताराने पाळणा उत्तम केला म्हणून त्याला त्या पाळण्यात झोप मिळतेच असे नाही. तद्वतच विनोद ही कारागिरी आहे. कारागिराच्या अंतःकरणाचा तो दाखला नव्हे.

हे तत्त्व ज्याच्या आयुष्यात विलक्षण स्पष्टपणे दिसते, तो नट आपल्याच महाराष्ट्राच्या मातीवर जन्मलेला होता. त्याचे नाव स्पाइक मिलिगन. इंग्लंडातील रेडिओवरील विनोदाला ज्याने नवे वळण दिले, त्या या नटाचा व लेखकाचा जन्म 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगर येथे, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरात, झाला. वडील आयरिश असून इंग्रजांच्या हिंदी सैन्यात नोकरीस होते. आई इंग्रज होती. मुलाचे खरे नाव टेरेन्स. त्याचे बालपण पुण्याच्या लष्करी वसाहतीत आणि पुढे ब्रह्मदेशातील रंगून शहरी गेले. पुण्यात तो कॉन्व्हेंट शाळेत शिकत होता, आणि तेथेच नाताळच्या नाट्यप्रवेशात, सुमारे आठ वर्षांचा असताना, तो प्रथम रंगमंचावर आला, तो विदूषकाच्या सोंगात! 1930 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हे कुटुंब इंग्लंडला गेले. उजेडाच्या आणि मोकळ्या मैदानांच्या देशातून धुक्याच्या व चणचणीच्या जगात आलेल्या त्या मुलाला हिंदुस्थानातील दिवसांची आठवण जन्मभर राहिली.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले. मिलिगन तोफखान्यात भरती होऊन उत्तर आफ्रिकेत व नंतर इटलीत लढले. 1944 च्या जानेवारीत मोंते कासिनोच्या रणभूमीवर उखळी तोफेच्या गोळ्याने त्यांच्या पायास जखम झाली. पायाची जखम भरली. परंतु स्फोटांचा जो धक्का मनाला बसला, तो तसा भरून आला नाही. हात कापू लागले, वाचा अडखळू लागली. सैन्यात तेव्हा अशा माणसाकडे आजारी म्हणून पाहण्यापेक्षा भित्रा म्हणून पाहण्याची रीत अधिक होती, आणि त्यांची पदावनतीही झाली. युद्धानंतर सैनिकांचे मनोरंजन करणाऱ्या पथकांतून त्यांनी वाद्ये वाजविली, सोंगे केली, आणि हळूहळू विनोद हाच त्यांचा व्यवसाय झाला.

28 मे 1951 रोजी बी. बी. सी. रेडिओवर त्यांची एक नवी मालिका सुरू झाली. ती पुढे ‘द गून शो’ या नावाने जगप्रसिद्ध झाली आणि 28 जानेवारी 1960 पर्यंत चालली. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम हे त्यांचे सोबती, तर लेखनाचा मुख्य भार मिलिगन यांच्यावर. रेडिओवर चेहरा दिसत नाही, वेष दिसत नाही. केवळ आवाजाच्या बळावर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे वेडे जग उभे करावयाचे असते. मिलिगन यांनी ते असे उभे केले की, पुढच्या पिढीतील कितीतरी विनोदी नटांनी त्यांना आपला गुरू मानले. दोनशेहून अधिक भाग झाले. एकेका मालिकेत आठवड्यामागून आठवडा अर्ध्या तासाचा नवा मजकूर लिहावयाचा, आणि शिवाय अनेक पात्रांचे आवाजही स्वतःच काढावयाचे, असा तो खाक्या होता.

1952 च्या अखेरीस, तिसरी मालिका ऐन रंगात असताना, मिलिगन यांचे मन कोलमडले. त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, आणि सहकाऱ्यांना काही भाग त्यांच्यावाचून पार पाडावे लागले. तिकडे घरोघरी लोक रेडिओभोवती बसून हसत होते. इकडे त्या हास्याचा कर्ता रुग्णशय्येवर होता. असे प्रसंग त्यांच्या आयुष्यात पुढेही अनेकदा आले. वैद्यांच्या भाषेत त्यांचा आजार द्विध्रुवी विकाराचा होता. या विकारात मनाला भरती आणि ओहोटी येते. भरतीच्या काळात झोप नकोशी होते, कल्पनांचा नुसता लोंढा येतो, वाटेल ते करण्याची उमेद वाटते, आणि विवेकाचा बांध फुटतो. ओहोटीच्या काळात तोच माणूस अंथरुणातून उठू शकत नाही. आपल्या तापीचे ज्येष्ठातील पात्र आणि श्रावणातील पात्र ज्याने पाहिले आहे, त्याला एकाच नदीची ही दोन रूपे कळू शकतील. पण नदीचे ऋतू ठरलेले असतात; या आजाराला पंचांग नाही.

आता दुसऱ्या गैरसमजाकडे वळू. विषाद म्हणजे नेमके काय? हा शब्द आपल्याला नवा नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच मुळी ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. परंतु अर्जुनाच्या विषादाला डोळ्यांसमोर उभे असलेले कारण होते. दुःख आणि विषादाचा आजार यांतील भेद समजण्यासाठी बुऱ्हाणपुरातीलच एक इतिहासप्रसिद्ध प्रसंग घेऊ. 17 जून 1631 रोजी मुमताजमहल येथे प्रसूतीच्या वेळी मृत्यू पावली. तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत तिचे प्रथम दफन झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्ऱ्यास नेण्यात आला. बादशहा शहाजहान या आघाताने इतका खचला की, दरबारी इतिहासकारांनी त्याच्या दाढीचे केस थोड्याच काळात पांढरे झाल्याची नोंद केली. हे दुःख अतितीव्र होते; पण ते दुःख होते. त्याला कारण होते, त्या कारणाला नाव होते, आणि काळाबरोबर त्याची धार बोथट होत गेली. बादशहा पुन्हा दरबारात बसू लागला, राज्य चालवू लागला, आणि त्याच दुःखातून त्याने ताजमहाल उभारण्याचे काम हाती घेतले.

विषादाचा आजार असा नसतो. कधी तो एखाद्या आघातानंतर सुरू होतो, तर कधी वरवर काहीही न घडता. सकाळी उठावेसे वाटत नाही. झोप उडते, किंवा उलट झोपूनही थकवा जात नाही. भूक मंदावते, किंवा भलतीच वाढते. पूर्वी ज्या खेळात, गाण्यात, मित्रमंडळीत जीव रमत असे, त्यांत काडीचेही स्वारस्य उरत नाही. वाचलेले ध्यानात राहत नाही. आपण निरुपयोगी आहोत, इतरांना भार आहोत, असे विचार मनात घर करतात. मुलांच्या बाबतीत उदासीपेक्षा चिडखोरपणाच अधिक दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. अशी अवस्था बहुतेक सर्व दिवस, आणि निदान दोन आठवडे सतत टिकली, तर वैद्य तिला आजार म्हणतात. मेंदूतील रासायनिक व्यापार, घराण्यातून आलेली प्रवृत्ती, बालपणातील व पुढील आयुष्यातील आघात, एकटेपणा, दीर्घकाळचा ताण, मद्य व इतर व्यसने, शरीराचे काही रोग, अशा अनेक कारणांचे धागे यात गुंतलेले असतात. पैसा आणि कीर्ती यांनी ज्याप्रमाणे मधुमेह टळत नाही, त्याप्रमाणे हा आजारही टळत नाही. “याला कमी काय होते?” हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. हिवतापाच्या रोग्याला आपण असे विचारीत नाही.

हा आजार दुर्मिळही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने 2015–16 मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या राज्यांत मध्य प्रदेशही होता. प्रौढांपैकी सुमारे वीस जणांत एकाला विषादाचा आजार असतो किंवा आयुष्यात कधीतरी होऊन गेलेला असतो, असे त्या पाहणीत आढळले. आणि अशा रोग्यांपैकी फारच थोड्यांना उपचार मिळतात, हेही आढळले. म्हणजे एखाद्या मंगल कार्यात शंभर पाने मांडली असतील, तर त्या पंक्तीत बसलेल्यांपैकी चार-पाच जण तरी ही वाट तुडवून आलेले किंवा आजही तुडवीत असलेले असू शकतात.

मिलिगन यांच्या तारुण्यात उपचारांची साधने थोडी होती. लिथियम या द्रव्याचा द्विध्रुवी विकारावर गुण येतो, हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 साली दाखविले. पण तो उपचार सर्वत्र रूढ होण्यास कित्येक वर्षे लागली. विषादावरील पहिली औषधे तर 1957 च्या सुमारास पुढे आली. आज अनेक परिणामकारक औषधे आहेत, संवादाच्या मार्गाने करावयाच्या शास्त्रशुद्ध उपचारपद्धती आहेत, आणि योग्य वेळी उपचार झाल्यास बहुसंख्य रोग्यांना गुण येतो. हे सांगणे अगत्याचे आहे. कारण “या दुखण्याला इलाज नाही” ही समजूत स्वतः त्या दुखण्याइतकीच घातक आहे.

येथे आणखी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. “दुःखाशिवाय मोठा विनोद जन्मत नाही, विषाद हीच त्याच्या प्रतिभेची किंमत होती,” असे म्हणावयास फार बरे वाटते. इंग्लंडातील जोसेफ ग्रिमाल्डी (1778–1837) या सुप्रसिद्ध विदूषकाविषयी एक कथा सांगतात. एक खिन्न मनुष्य वैद्याकडे गेला. वैद्याने त्याला सल्ला दिला की, जाऊन ग्रिमाल्डीचा खेळ पाहा, मन प्रसन्न होईल. त्यावर तो मनुष्य उत्तरला, “महाराज, तो ग्रिमाल्डी मीच!” कथा चटका लावते यात संशय नाही, आणि म्हणूनच ती इतर अनेक विदूषकांच्या नावावरही सांगितली गेली आहे. परंतु तिच्यावरून प्रत्येक विनोदी नट आतून दुःखी असतो असा सिद्धान्त काढणे योग्य नव्हे. किशोरकुमारांनी 1985 साली एका मुलाखतीत आपल्याला मित्र नाहीत आणि आपण झाडांशी बोलतो, असे सांगितले होते. तेवढ्यावरून त्यांना रोगी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. एकांताची आवड हा आजार नव्हे, आणि दुरून केलेले निदान हे निदान नव्हे. शिवाय, विषादाने प्रतिभा फुलते हेही खरे नाही. मिलिगन रुग्णालयात होते त्या आठवड्यांत त्यांचा आवाज रेडिओवर नव्हता. त्यांनी जे लिहिले, ते आजाराच्या कृपेने नव्हे, तर आजाराच्या तावडीतून जेवढा वेळ सोडवून घेता आला, तेवढ्यात लिहिले.

तो वेळ त्यांनी कसा लावला, हे पाहिले म्हणजे आदर वाटतो. 1959 साली त्यांनी मुलांसाठी गमतीच्या कवितांचे पुस्तक काढले. त्यांतील एक कविता 1998 साली इंग्लंडातील लोकांनी आपली सर्वांत आवडती विनोदी कविता म्हणून निवडली. 1971 पासून त्यांनी आपल्या युद्धकाळाच्या विनोदी आठवणी क्रमाने सात भागांत लिहिल्या; हसता हसता वाचक एकाएकी थांबतो, कारण पुढच्याच ओळीत कोणी सोबती मरण पावलेला असतो. 1964 साली लंडनमध्ये त्यांनी ‘ओब्लोमोव्ह’ या रशियन कादंबरीवरील नाटकात काम केले. या कथेचा नायक अंथरुणातून उठूच शकत नाही. नाटक मुळात गंभीर होते. मिलिगन यांनी ऐनवेळी पदरचे संवाद घालून त्याला प्रहसन करून टाकले, आणि ते धो धो चालले. न उठणाऱ्या माणसाला प्रेक्षक हसत होते. आणि ते सोंग करणाऱ्याला ‘उठवत नाही’ म्हणजे काय, हे प्रेक्षकांतील बहुतेकांहून अधिक ठाऊक होते.

परंतु त्यांचे सर्वांत धाडसाचे काम 1993 सालचे. त्या वर्षी त्यांनी अँथनी क्लेअर या मनोविकारतज्ज्ञांच्या सहकार्याने आपल्या विषादावर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यातून कसे तरून जावे याचा विचार मांडला. ज्या पिढीत मनाचे दुखणे घराच्या माजघरातही उच्चारले जात नसे, त्या पिढीतला, पंचाहत्तरीचा एक माणूस भर बाजारात येऊन सांगतो की, मी आजारी असतो, आणि असे माझ्यासारखे पुष्कळ आहेत! हसविण्यापेक्षा हे कठीण होते.

सगळ्यांनाच इतके आयुष्य लाभत नाही. अमेरिकेतील रॉबिन विल्यम्स हे असेच लोकांच्या गळ्यातील ताईत होते. त्यांच्या ‘मिसेस डाउटफायर’ (1993) या चित्रपटाचे कथासूत्र आपल्याकडील ‘चाची 420’ (1997) मुळे पुष्कळांना परिचित आहे. 11 ऑगस्ट 2014 रोजी, वयाच्या 63 व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या जीवनाचा अंत केला. विषादाशी आणि व्यसनाशी त्यांचा झगडा होताच. परंतु मरणोत्तर तपासणीत असे आढळले की, लेवी बॉडी नावाच्या मेंदूच्या रोगाने त्यांना पुरते पोखरले होते, आणि त्याचे निदान हयातीत झालेले नव्हते. वार्ता येताच ज्यांनी घाईने कारणे सांगितली, दोष दिले, त्या साऱ्यांच्या तर्कांपलीकडचे सत्य त्या तपासणीतून बाहेर आले. यापासून घ्यावयाचा बोध असा की, अशा मृत्यूचे एकच एक कारण कधी नसते, आणि तो भ्याडपणाही नसतो, अपराधही नसतो. आपल्या देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेही हेच मानले आहे : जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची शुश्रूषा करणे हे शासनाचे कर्तव्य समजावे.

मिलिगन 27 फेब्रुवारी 2002 रोजी, आपल्या घरी, वयाच्या 83 व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने वारले. विषादाने त्यांना अनेकदा पाडले, पण त्यांचा शेवट केला नाही; हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या आधी वर्षभर, एप्रिल 2001 मध्ये, त्यांचे जुने सोबती हॅरी सीकोम वारले होते. सीकोम उत्तम गायक होते. त्यावर मिलिगन म्हणाले होते की, बरे झाले, आता माझ्या अंत्यविधीला हा गाणार नाही! पण मित्रमंडळी वस्ताद निघाली : मिलिगन यांच्या स्मृतिसभेत सीकोम यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण लावण्यात आले. शोकसभेत हशा पिकला. आणि तो अनादर नव्हता. ज्याने आपल्याला हसू दिले, त्याच्या स्मृतीला हसूच वाहावे, यापरते उचित तर्पण कोणते?

मिलिगन यांनी आपल्या समाधिलेखासाठी एक वाक्य सुचवून ठेवले होते. त्याचा आशय असा, की मी आजारी आहे हे मी तुम्हांला सांगितलेच होते. चर्चच्या अधिकाऱ्यांना ही थट्टा पवित्र भूमीस शोभेशी वाटली नाही. अखेर तडजोड झाली, आणि 2004 साली विंचेल्सी या गावच्या चर्चच्या आवारात ते वाक्य आयरिश भाषेत कोरलेला दगड उभा राहिला. ज्याला ती भाषा येत नाही, तो ती अक्षरे पाहून पुढे जातो. ज्याला कळते, तो प्रथम हसतो. आणि मग पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबतो. कारण हा विनोद असला तरी खोटा नाही. विषादाने पीडित अशा असंख्य माणसांची हीच तक्रार आहे : आम्ही सांगितले होते, तुम्ही हसलात, किंवा ऐकलेच नाही.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक वर्गात एक तरी नकलाकार असतो. गुरुजींची चाल, मुख्याध्यापकांचा आवाज, फेरीवाल्याची आरोळी यांची तो हुबेहूब नक्कल करतो, आणि त्याच्याभोवती नेहमी घोळका असतो. त्याला काही दुःख असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. बहुधा ते नसतेही! परंतु तोच मुलगा कधी गप्प गप्प राहू लागला, डबा न खाता परत नेऊ लागला, खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसू लागला, वा “मी नसलो तर बरे” अशा भाषेत थट्टा करू लागला, तर ती थट्टा म्हणून सोडून देऊ नका. मुलींच्या बाबतीतही हेच समजावे. आणि घरी सर्वांना हसत ठेवणाऱ्या एखाद्या काका-मामांच्या वा आजीच्या बाबतीतही.

आपल्या गावचा कुंडी भंडारा सर्वांनी पाहिला आहे. 1615 च्या सुमारास बांधलेल्या त्या योजनेत सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून वाहत येते. वरून चालणाऱ्याला कोरडी जमीन तेवढी दिसते. खाली प्रवाह आहे याची त्याला वार्ताही नसते. परंतु बांधणाऱ्यांनी अंतराअंतरावर कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांपैकी एकीच्या काठाशी थांबून वाकून पाहिले, म्हणजेच पाणी दिसते. माणसाच्या मनाचेही असेच आहे. वरच्या हसऱ्या पृष्ठभागावरून काही कळत नाही. थांबावे लागते, वाकून पाहावे लागते. “अलीकडे तू नेहमीसारखा दिसत नाहीस, काही होते आहे का?” एवढा एक प्रश्न पुरे होतो. उत्तर मिळाले तर मध्येच उपदेश करू नये. “मन खंबीर कर,” “तुझ्याहून दुःखी लोक जगात आहेत,” अशी वाक्ये पाय मोडलेल्याला धावावयास सांगण्यासारखी असतात. ऐकून घ्यावे, आणि सोबत घेऊन पालकांकडे, शिक्षकांकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. आणि जगणे नको असे कोणी बोलले, तर ते गुपित म्हणून मुळीच राखू नये. त्याच दिवशी एखाद्या मोठ्या माणसाच्या कानावर घालावे. मित्र रागावेल, पण रागावलेला मित्र पुन्हा समजूत काढण्यासाठी आपल्यापाशी राहतो. 10 ऑक्टोबर 2022 पासून भारत शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा चालू आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, विनामूल्य, आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक पाठ करून ठेवावा.

राहता राहिला तो शोक. एखादा आवडता विनोदी नट जाईल, आणि तो मनाने आजारी होता असे वर्तमानपत्रांतून कळेल, तेव्हा आपण काय करावे? त्याचे हसू खोटे होते, असे म्हणू नये. त्याने आपल्या ठायी निर्माण केलेले हास्य पूर्ण खरे होते; त्याच्या ठायी असलेले दुखणेही तितकेच खरे होते; आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही. त्याचा चित्रपट घरी सर्वांनी मिळून पुन्हा पाहावा आणि मनमोकळे हसावे. मग चित्रपट संपल्यावर, आपल्या घरातील जो माणूस नेहमी सर्वांना हसवितो, पण आज जरा कमी हसला, त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसावे.